बॉम्बरचा हमाल झाला तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या वैमानिकांना ताजमहाल ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या घुमटाभोवती बांबूची परांची बांधली होती. त्या घुमटावर आदळता आदळता राहिले ते मात्र मित्रराष्ट्राचेच एक विमान. अर्नेस्ट गॅन या अमेरिकी वैमानिकाने ही हकिकत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेट इज द हंटर’ या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. आग्र्याच्या तळावर त्याच्या विमानात सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त इंधन भरले गेले आणि त्याला ते कळले नाही. धावपट्टी संपत आली तरी विमान नीट उचलेना. उचलले तर समोर ताजमहाल, आणि परांचीवर काम करणारी माणसे. शेवटच्या क्षणी पंखांच्या झडपा पूर्ण खाली सोडून त्याने विमान कसेबसे घुमटावरून पार नेले.

हा प्रसंग विमानविषयक लेखनात पुष्कळदा येतो, आणि बहुधा वैमानिकाच्या हातोटीचे कौतुक करून सोडून दिला जातो. मला मात्र त्यात वैमानिकापेक्षा विमान महत्त्वाचे वाटते. ते होते ‘सी-८७’. बी-२४ ‘लिबरेटर’ या नावाजलेल्या बॉम्बरचा केलेला मालवाहू अवतार. मूळ बॉम्बर हजारोंच्या संख्येने जगभर लढत होता. त्याच्या या भावंडाला मात्र वैमानिक नावे ठेवत. असे का व्हावे? शत्रूच्या माऱ्यात बॉम्ब घेऊन जाणे अवघड, की पोती, पिंपे आणि माणसे घेऊन जाणे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी: यंत्राला नवे काम सांगता येते, पण त्याच्या हाडांत जुने काम भिनलेले असते. ही हाडे किती बदलली, यावर त्यात बसलेल्या माणसांचे जगणे-मरणे ठरले.

मुळात अशी विमाने बनवण्याची वेळ का आली, ते आधी पाहू. १९४१ साली समुद्रापार मोठे ओझे नेणारी चार इंजिनांची मालवाहू विमाने जवळजवळ नव्हतीच. डग्लस कंपनीचे दोन इंजिनांचे सी-४७ विश्वासू होते, पण त्याचा पल्ला आणि क्षमता मर्यादित. लांब पल्ला होता तो बॉम्बरांकडे. शिवाय बॉम्बरांचे कारखाने चालू होते, सुटे भाग मिळत होते, वैमानिक तयार होते. तेव्हा ‘त्यातले बॉम्ब काढा आणि माल भरा’ हा विचार कोणालाही सुचावा इतका सरळ होता.

सुरुवात अटलांटिकवर झाली. अमेरिकेत बनलेली विमाने उडवत ब्रिटनला पोहोचवायची आणि ती पोहोचवणाऱ्या वैमानिकांना परत कॅनडाला आणायचे, यासाठी मे १९४१ मध्ये लिबरेटर विमानांची परतीची सेवा सुरू झाली. बॉम्ब ठेवण्याच्या कोठ्यात फळ्या टाकल्या, त्यावर गाद्या अंथरल्या, आणि प्रवासी ऑक्सिजनच्या नळ्या लावून कुडकुडत आडवे पडले. ऑगस्ट महिन्यात चार दिवसांच्या अंतराने स्कॉटलंडमध्ये अशी दोन विमाने कोसळली. १० तारखेला एक अरान बेटावरच्या डोंगरावर आदळले, १४ तारखेला दुसरे एअरजवळ उड्डाण घेतानाच पडले. प्रत्येकी २२ माणसे गेली. त्यांत अनुभवी वैमानिकांचाच भरणा होता, म्हणजे ज्यांची युद्धाला सर्वाधिक गरज होती अशांचा.

तरीही मोठी माणसे याच विमानांतून हिंडत होती, कारण दुसरे साधन नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये विन्स्टन चर्चिल कैरोला आणि तेथून पुढे मॉस्कोला स्टॅलिनच्या भेटीला गेले ते ‘कमांडो’ नावाच्या लिबरेटरमधून. ब्रिटनचा पंतप्रधान बॉम्बच्या कोठ्यात मांडलेल्या बिछान्यावर झोपून अर्धे जग ओलांडत होता. पुढे मार्च १९४५ मध्ये हेच विमान अझोर्स बेटांच्या वाटेवर अटलांटिकमध्ये नाहीसे झाले. त्या वेळी चर्चिल त्यात नव्हते, पण एअर मार्शल पीटर ड्रमंड होते.

आता या विमानाच्या अंगरचनेकडे वळू. विमानाचे शास्त्र अवघड वाटले तरी यातला मुख्य मुद्दा बैलगाडी भरणाऱ्याला सहज कळेल. गाडीवान ओझे रचताना पुढचा-मागचा तोल आधी पाहतो. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. विमानाचेही असेच आहे. त्याचा गुरुत्वमध्य पंखांच्या आसपास एका ठरावीक टप्प्यात राहावा लागतो. बॉम्बरच्या रचनाकाराने म्हणूनच बॉम्ब नेमके पंखांच्या खाली, विमानाच्या मध्यभागी टांगलेले असतात. लोखंडाचे ते ओझे लहान जागेत मावते, हलत नाही, आणि टाकले की एकदम जाते. तोल फारसा ढळत नाही.

मालाचे तसे नसते. पोती, पिंपे, जीपचे भाग, माणसे यांना जागा लागते आणि ती विमानाच्या लांबीभर पसरतात. लिबरेटरच्या पोटात तर सपाट जमीनच नव्हती. बॉम्बच्या कोठ्यामधून पुढून मागे जायला जेमतेम वीतभर रुंदीची एक पट्टी होती. खालची दारे दुकानाच्या शटरसारखी गुंडाळली जाणारी आणि इतकी नाजूक, की माणसाचा भारही त्यांच्यावर टाकू नये. नाकातल्या आणि शेपटीतल्या तोफांचे मनोरे काढले, की त्यांचे वजन जाऊन मूळचा तोल बिघडे. मग तो सांभाळायची जबाबदारी माल भरणाऱ्यावर आणि वैमानिकावर येई, आणि घाईत भरलेल्या विमानात ती कधी सांभाळली जाई, कधी नाही.

दुसरा फरक त्याहून मूलभूत आहे. बॉम्बर जड होऊन उडतो आणि हलका होऊन उतरतो. अर्ध्या वाटेवर त्याचे ओझे खाली गेलेले असते, इंधनही बरेचसे जळलेले असते. त्याची चाके आणि पंख या हिशेबाने बनलेले असतात. मालवाहू विमानाला मात्र सगळे ओझे घेऊनच उतरावे लागते. किंबहुना ओझ्यासह उतरणे हेच त्याचे काम. लिबरेटरचा पंख लांब आणि अरुंद होता. डेव्हिस या संशोधकाच्या नावाने ओळखला जाणारा हा पंख हवेचा विरोध कमी करी, त्यामुळे इंधन वाचे आणि पल्ला वाढे. पण त्याच्यावर बर्फ साचला की त्याची उचलण्याची ताकद झपाट्याने घटे, आणि उतरताना त्याला वेग जास्त लागे. समुद्रावर टेहळणी करताना जो गुण होता, तो ढगांत आणि डोंगरांत अवगुण ठरला.

१९४२ मध्ये अपघातात मोडलेल्या एका बी-२४ वरून सी-८७ चा पहिला नमुना तयार झाला. नाक पत्र्याने बंद केले, कोठ्यावर जमीन टाकली, बाजूला खिडक्या आणि डावीकडे मोठे दार बसवले. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यातून अशी २८० हून अधिक विमाने बाहेर पडली. वैमानिकांच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. इंधन गळे, वीजव्यवस्था दगा देई, नाकाखालचे चाक कोलमडे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी एक सी-८७ खास सजवून तयार केले होते, ‘गेस व्हेअर टू’ या नावाचे. राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक खात्याने या जातीच्या विमानांचा इतिहास पाहिला आणि ते नाकारले. त्यांच्यासाठी पुढे मुळापासून मालवाहू म्हणून घडवलेल्या डग्लस सी-५४ वर आधारित विमान बनवण्यात आले. नाकारलेले विमान १९४४ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांच्या लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यासाठी वापरले गेले. राष्ट्राध्यक्षांसाठी जे पुरेसे सुरक्षित नव्हते, तेच विमान आसामच्या धावपट्ट्यांवर विशी-बाविशीतल्या पोरांच्या हाती देण्यात आले होते.

आसामच का, तर एप्रिल १९४२ अखेरीस जपान्यांनी ब्रह्मदेशातले लाशियो घेतले आणि चीनला रसद पोहोचवणारा रस्ता तुटला. चीन लढत राहावा म्हणून आता एकच वाट उरली: आसामातून पूर्व हिमालयाच्या रांगांवरून युनानमधल्या कुनमिंगला. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. वैमानिक या वाटेला ‘हंप’, म्हणजे वशिंड, म्हणत. चाबुआ, दिंजान, मोहनबाडी, जोरहाट, तेजपूर येथे तळ उभे राहिले. त्यांच्यासाठी चहाच्या मळ्यांतले हजारो मजूर, त्यांत बायकाही, हातांनी खडी फोडत आणि डोक्यावरून वाहत होते. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला.

या मालात सर्वांत मोठी गरज इंधनाची होती. चीनमध्ये विमाने होती, पण पेट्रोल नव्हते. तेव्हा सी-८७ हून एक पाऊल पुढे जाऊन ‘सी-१०९’ जन्माला आले. जुन्या बी-२४ मधली शस्त्रे काढून नाकात, कोठ्यात आणि कोठ्याच्या वर मिळून आठ टाक्या बसवल्या. त्यांत सुमारे ११ हजार लिटर पेट्रोल मावे. स्फोटाचा धोका कमी करण्यासाठी टाक्यांत निष्क्रिय वायू सोडण्याची सोय होती. अशी दोनशेच्या आसपास विमाने बनली. रूपांतर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद होते, कारण मूळ विमान जवळजवळ जसेच्या तसे ठेवले होते. आता त्याचे काम पाहा. पोटभर पेट्रोल घेऊन, हिमालयातल्या बर्फाळ ढगांतून, १,९०० मीटर उंचीवरच्या पातळ हवेत, सगळ्या ओझ्यासह उतरायचे. बॉम्बरच्या रचनाकाराने जे टाळले होते, ते सगळे येथे एकत्र आले होते. भरलेले विमान उंचावरच्या धावपट्टीवर उतरवणे वैमानिकांना धडकी भरवी. त्यांनी त्याला नाव ठेवले ‘सी-वन-ओ-बूम’. नऊच्या जागी स्फोटाचा आवाज.

या इंधनाचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. चीनमधल्या ३०८व्या बॉम्बर गटाला एका हल्ल्यापुरते पेट्रोल आणि बॉम्ब साठवण्यासाठी स्वतःची लढाऊ लिबरेटर विमाने आसामला पाठवून अनेक खेपा कराव्या लागत. १९४४ मध्ये खरगपूरच्या परिसरात बी-२९ ही महाकाय विमाने आली. त्यांनाही चीनमधल्या चेंगडूच्या तळांवरून जपानवर एक हल्ला करायचा, तर आधी हिमालयावरून साधारण सहा खेपा इंधन वाहावे लागे. म्हणजे जगातला सर्वांत आधुनिक बॉम्बर बहुतेक वेळ हमालीच करत होता. १९४५ च्या सुरुवातीस ही सारी मोहीम गुंडाळून ती विमाने प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांवर हलवण्यात आली. तिथे इंधन जहाजांनी येत होते.

२५ जानेवारी १९४४ रोजी ‘हॉट ॲज हेल’ नावाचे एक लिबरेटर कुनमिंगहून चाबुआकडे निघाले, सामान आणायला. बॉम्ब टाकायला नव्हे. त्यात आठ जण होते. विमान पोहोचले नाही. २००६ मध्ये त्याचे अवशेष अरुणाचल प्रदेशातल्या डोंगरात सापडले. त्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याचे अवशेष ओळख पटून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी पुरण्यात आले, म्हणजे ७३ वर्षांनी. हंपवर एकूण सहाशेच्या जवळपास विमाने गेली, सोळाशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत सगळ्या प्रकारची विमाने होती आणि वादळे, अपुरे प्रशिक्षण, थकवा ही कारणेही होती. सगळा दोष रूपांतरित बॉम्बरांच्या माथी मारणे बरोबर नाही. पण १९४४ च्या सप्टेंबरमध्ये विल्यम टनर हे अधिकारी प्रमुख म्हणून आले, त्यांनी काय केले ते पाहिले की बरेच कळते. त्यांनी देखभालीला शिस्त लावली. ठरलेले तास भराभर उडवून घरी सुटायची घाई करणाऱ्या वैमानिकांना किमान वर्षभर राहण्याचा नियम केला. आणि जमेल तिथे सी-५४ आणली. माल वाढला आणि अपघातांचे प्रमाण घटले. हेच टनर पुढे १९४८ मध्ये बर्लिनच्या हवाई पुरवठ्याचे प्रमुख झाले.

मग बॉम्बरपासून चांगले मालवाहू विमान होतच नाही का? होते. ब्रिटनच्या एव्हरो कंपनीचे रचनाकार रॉय चॅडविक यांनी ते करून दाखवले. लँकॅस्टर हा त्यांचाच बॉम्बर. त्याचे पंख, इंजिने आणि शेपटी त्यांनी घेतली, पण धड मात्र पूर्ण नवे, चौकोनी आणि ऐसपैस बनवले. पंख धडाच्या वरच्या बाजूला नेल्यामुळे विमानाची जमीन खाली आली, माल चढवणे सोपे झाले. नव्या धडामुळे विमानाचा तोल बदलला, तर शेपटीवर तिसरा उभा पडदा बसवला. हे ‘यॉर्क’ ५ जुलै १९४२ रोजी प्रथम उडाले. इंजिनांचा आवाज प्रवाशांचे कान किटवी, एवढी तक्रार होती. पण चर्चिल आता ‘ॲस्कलन’ नावाच्या यॉर्कमधून फिरू लागले, आणि मार्च १९४७ मध्ये शेवटचे व्हाइसरॉय म्हणून माउंटबॅटन दिल्लीत उतरले तेही यॉर्कमधूनच. बर्लिनच्या पुरवठ्यात ब्रिटिशांच्या वाट्याचे खूप मोठे ओझे याच विमानांनी वाहिले.

सी-१०९, सी-८७ आणि यॉर्क ही तीन विमाने शेजारी ठेवली की क्रम स्पष्ट दिसतो. पहिल्यात फक्त टाक्या घातल्या, दुसऱ्यात जमीन आणि दारे बदलली, तिसऱ्यात धडच नवे केले. जितके खोलवर जाऊन बदलले, तितके विमान भरवशाचे झाले. अर्थात खोलवर जायला वेळ लागतो, आणि यॉर्कलाही वेळ मिळाला नाही. युद्ध चालू असेपर्यंत लँकॅस्टरला प्राधान्य होते, त्यामुळे यॉर्क मोठ्या संख्येने बाहेर पडले ते युद्ध संपता संपता. चीनला वेळ नव्हता. जो वेळ रचनाकाराच्या टेबलावर वाचवला, तो वैमानिकाला हवेत भरून द्यावा लागला.

एक चौथे उदाहरण आहे, आणि त्यात रूपांतर जवळजवळ केलेच नव्हते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते आणि लोक उपासमारीने मरत होते. २९ एप्रिल १९४५ रोजी, लेखी करार पक्का होण्याआधीच, पहिली लँकॅस्टर विमाने अन्न घेऊन निघाली. शत्रूच्या तोफा खाली होत्याच. बॉम्बच्या जागी पीठ, साखर, सुकवलेली अंडी, डबाबंद मांस यांच्या गोण्या होत्या. दीडशे मीटरहूनही कमी उंचीवरून, हवाई छत्र्यांशिवाय, त्या मोकळ्या मैदानांत सोडल्या गेल्या. दहा दिवसांत ब्रिटिश विमानांनी साडेसहा हजार टनांहून जास्त अन्न टाकले. अमेरिकनांनी बी-१७ विमानांनी यात भर घातली. येथे बॉम्बर बॉम्बरसारखाच वागला. ओझे मध्यभागी टांगले, ठरल्या जागी सोडले, हलका होऊन परतला. फक्त ओझे बदलले.

ही हकिकत वाचताना मला एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. आसामच्या तळांकडे इंधन आणि माल नेणारी रेल्वे बंगालमधून जात होती, आणि १९४३ मध्ये त्याच बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे दुष्काळाने गेली. काय वाहायचे आणि कोणासाठी, हा निर्णय यंत्र घेत नाही.

युद्ध संपल्यावर कानपूरला ब्रिटिशांची कित्येक लिबरेटर विमाने मोडतोड करून टाकून दिलेली होती. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने १९४८ पासून त्यांतली चाळीसच्या आसपास पुन्हा उडती केली. जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बेंगळुरूला उडवत नेली. पुढे भारतीय वायुदलाच्या सहाव्या तुकडीने पुण्याच्या तळावरून ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली, १९६८ पर्यंत. ज्या लांब, अरुंद पंखाने हिमालयात वैमानिकांना छळले, तोच अरबी समुद्रावर तासन् तास निमूटपणे उडत राहिला, कारण हे काम त्याच्या हाडांतले होते. जगातल्या संग्रहालयांत आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी काही भारतानेच दिलेली आहेत, त्यातले एक लंडनजवळच्या हेंडनला आहे. आणि हंपवर पडलेल्या विमानांचे तुकडे २०२३ च्या नोव्हेंबरपासून अरुणाचलातल्या पासीघाटच्या संग्रहालयात मांडलेले आहेत. गावकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी डोंगरात पाहिलेले, काहींनी घरी आणून वर्षानुवर्षे वापरलेले असे ते पत्रे आहेत. त्यांतल्या कितीतरी विमानांतली माणसे अजून डोंगरातच आहेत.